नाना आणि शिळं उत्तर

पडद्यावरची डॉक्टरीण गेली तेव्हा गावच्या उपकेंद्रात रमिलाच्या खालची चादर पूर्ण लाल झाली होती. सिस्टरचे हात कोपरापर्यंत रक्तात होते. बाळ झालं होतं. मुलगी होती. ती फडक्यात गुंडाळून मी धरली होती आणि तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. शिरपूरची डॉक्टरीण पडद्यावरून एकेक सांगत होती आणि सिस्टर तसं करत होती, तिची मदतनीस बाई सामान देत होती. "आता एका हाताची मूठ कर आणि..." एवढं ती बोलली, वीज झपकली आणि पडदा काळा झाला.

सिस्टरनं कोपरानंच पडदा परत चालू केला. दवाखान्याच्या नावावर दाबलं. पडद्यावर आलं, नाव सापडलं नाही. परत दाबलं. परत तेच.

"अक्का, मला पुढचं येत नाही," ती म्हणाली. "नानांना सांगा. लवकर."

रमिलाची सासू दारात भिंतीला धरून उभी होती. "अक्का, मनी वहू मरी जाई का?"

"गप बस आणि पोर धर," मी म्हटलं आणि पळाले. माझ्या वयाची बाई पळते कशी ते विचारू नका. गल्ली ओलांडली की माझं घर आणि मागच्या खोलीत नाना.

नाना माझा भाडेकरू. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची, मागे नाही. इथेही करणार नाही.

तो जळगावकडचा. कुठल्याशा कारखान्यात विजेच्या कामावर होता, तिथून निवृत्त झालेला. आमच्या गावाजवळ एका संस्थेची शाळा आहे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची मुलं तिथे राहतात. त्या शाळेत इंटरनेट नीट चालत नाही म्हणून कोणीतरी त्याला बोलावलं. आठ दिवसांच्या बोलीवर आला आणि राहिला. माझं घर धाब्याचं, जाड मातीच्या भिंती, उन्हाळ्यात सगळं गाव तापतं तेव्हा आमची मागची खोली थंड असते. तो खोलीत शिरला, भिंतीला हात लावला आणि म्हणाला, "याला आवडेल इथं." मला वाटलं बरोबर नातू आहे. मागून त्यानं खोक्यातून कंप्युटर काढला.

त्या कंप्युटरचं काम त्यानं मला स्वयंपाकघरात बसून समजावलं. माझी चौथी झालेली, पण नीट सांगितलं तर मला कळतं. मोबाईलवर आपण नाव दाबतो, पण यंत्राला नाव कळत नाही, त्याला आकडा लागतो. तेव्हा मधे कोणीतरी लागतो, जो नाव ऐकेल आणि आकडा सांगेल. हे काम लांबच्या शहरांतले मोठे कंप्युटर करतात. आमच्या शाळेतल्या पोरानं शाळेच्याच कपाटातल्या कंप्युटरमधला धडा मागितला, तरी त्याचा पत्ता विचारायला निरोप तिकडे जायचा आणि परत यायचा. मधे वायर तुटली की कपाट शेजारी असून धडा मिळायचा नाही.

"अक्का, शेजारच्या घरी जायला मुंबईला जाऊन पत्ता विचारायचा, याला काय म्हणाल?" नाना म्हणाला.

"वेड म्हणेन."

"मग तेच तर मी बंद करायला बसलोय."

त्याचा कंप्युटर गावातली नावं स्वतःच सांगायचा. बाहेरचं नाव कोणी विचारलं तर एकदा बाहेर जाऊन विचारून यायचा आणि उत्तर जवळ ठेवायचा. दुसऱ्यानं तेच विचारलं की घरातूनच द्यायचा. शाळेतली मुलं खूश झाली. मग डेअरीवाले आले, मग ग्रामपंचायत आली.

गावातलं नाव ठेवायची त्याची पद्धत होती. ज्या जागेला नाव द्यायचं तिथं तो स्वतः चालत जायचा. तिथलं यंत्र हातानं चाचपून बघायचा. मग येणाऱ्या-जाणाऱ्या दहा जणांना विचारायचा, याला तुम्ही काय म्हणता? बहुतेक जण जे म्हणतील तेच नाव. ग्रामपंचायतीच्या माणसाला 'माहिती व सुविधा केंद्र' असं नाव हवं होतं. नानानं चावडीसमोर उभं राहून बायकांना विचारलं. बायका म्हणाल्या, चावडी. त्यानं 'चावडी' ठेवलं. तो माणूस महिनाभर नानाशी बोलला नाही.

बाजारातल्या मारवाडी शेठच्या गच्चीवर नानानं एक खांब लावला होता, त्यावरून अर्ध्या गावाला इंटरनेट जायचं. शेठ म्हणाला, "खांब माझ्या गच्चीवर, तर पहिलं नाव माझ्या दुकानाचं पाहिजे. आणि त्यात 'सुपर' शब्द पाहिजे."

नाना बाहेर ओट्यावर जाऊन गिऱ्हाइकांना विचारून आला. "शेठ, तुमच्या दुकानाला लोक 'मापात मारणारा' म्हणतात. ठेवू?"

शेठ हसला म्हणून बरं. तेवढी दिलदारी त्याच्यात आहे. पुढे सगळ्यांशी बोलून 'शेठ' एवढंच नाव ठेवलं.

ही झाली कामाची गोष्ट. माणूस म्हणून नाना फार त्रासदायक होता. त्याला काहीही विचारा, तो उत्तराबरोबर त्या उत्तराचं वय सांगायचा. शिरपूरची बस किती वाजता? "साडेदहा. पण हे परवाचं आहे. परवा कंडक्टरनं सांगितलं." मुलगा कसा आहे तुमचा, धुळ्याला असतो ना? "रविवारपर्यंत बरा होता." आणि त्याच्या मते माहिती फार जुनी झाली असेल तर तो सरळ म्हणायचा, "माहीत नाही." माहीत असायचं त्याला. पण म्हणायचा माहीत नाही.

"अहो, माहीत नाही काय? तुम्हीच मला दिवाळीत सांगितलंत," मी म्हणायची.

"दिवाळीत माहीत होतं. आता ते संपलं. आणि अक्का, माहीत नाही हेही उत्तरच आहे. माणूस दुसरीकडे विचारायला मोकळा होतो."

पोरं त्याला छेडायची. "नाना, तुमचं नाव काय?" तो गंभीरपणे खिशातलं आधार कार्ड काढून बघायचा आणि मग सांगायचा. तो पोरांची थट्टा करत होता की खरंच बघत होता, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा आमच्या भावकीतल्या मुलीला जळगावकडचं स्थळ आलं. मुलाचा बाप नानाच्याच कारखान्यात होता. मुलीचे आईबाप पेढे घेऊन नानाकडे चौकशीला आले. नाना म्हणाला, "मी ओळखत होतो तेव्हा मुलगा फार चांगला होता."

मुलीची आई दचकली. "होता म्हणजे? आता काय झालं?"

"आता मला माहीत नाही. ती माहिती जुनी आहे, तिच्यावर लग्न ठरवू नका."

झालं. दोघांचं तोंड उतरलं. मुलाला दारूचं व्यसन लागलं असणार, इथपर्यंत गल्लीत गेलं. शेवटी मी मुलीच्या बापाला बसमध्ये बसवून जळगावला धाडलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून या म्हणून. मुलगा चांगलाच होता. लग्न झालं. नानाला आहेराचा टॉवेल मिळाला आणि वर दोन शिव्या मिळाल्या. तो म्हणाला, "बघून आले ना? मग माझ्यामुळे फायदाच झाला."

जेवणातही तेच. सकाळची भाकरी संध्याकाळी खायचा नाही. आमच्याकडे शिळी भाकरी कुस्करून कांदा-मिरचीच्या फोडणीवर परततात, सकाळी तेच खाऊन माणसं शेतात जातात. त्याच्यापुढे ताटली ठेवली तर तो मागे सरकायचा. "हे कधीचं?" मी म्हणायची, "तुमच्या बारशाचं. खा." तो खायचा नाही. शेवटी मी त्याच्यासाठी दोन वेळा चूल पेटवायला लागले आणि भाड्यात त्याचे पैसे धरले.

या सगळ्याचं कारण एकदा त्यानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी वाल निवडत होते आणि तो समोर बसला होता. कारखान्यात एका वायरीवर काम चाललं होतं. खांबाला पाटी लावलेली, वीज बंद आहे. त्याचा जोडीदार पाटी वाचून वर चढला. पाटी आदल्या पाळीची होती, ती कोणी काढली नव्हती. वीज मधेच कोणीतरी चालू केलेली. नाना खाली उभा होता. जोडीदार वाचला, हात गेला.

"पाटी खोटी नव्हती, अक्का," नाना म्हणाला. "लावली तेव्हा खरीच होती."

मी वाल निवडत राहिले. पण तेव्हापासून त्याला परत कधी शिळी भाकरी वाढली नाही.

त्याच्या कंप्युटरलाही त्यानं तोच नियम लावला होता. बाहेरून आकडा आणला की तो देणारा त्याची मुदत सांगतो, एवढ्या वेळेपर्यंत हा धरून चाला, मग परत विचारा. मुदत संपली की नानाचा कंप्युटर तो आकडा द्यायचा नाही. परत बाहेर विचारायचा. बाहेर जाता आलं नाही तर सांगायचा, नाव सापडलं नाही. शाळेतले सर त्याला म्हणाले होते की अडीअडचणीला जुना आकडा देत राहायची सोय यात असते, ती चालू ठेवा. नाना म्हणाला, "शिळं उत्तर ताजं म्हणून द्यायचं? ते माझ्याच्यानं होणार नाही."

आणि शिरपूरच्या दवाखान्याचं नाव गावातलं नव्हतं. आमच्या उपकेंद्रात डॉक्टर नसतो, सिस्टर असते. म्हणून नानानं टेकडीवर एक खांब लावला होता, तो सरळ दवाखान्याच्या गच्चीवरच्या खांबाशी बोलायचा. मधे ना कंपनीची वायर, ना टॉवर. त्यावरून डॉक्टरीण सिस्टरला पडद्यावर दिसायची. पण दवाखान्याचं नाव आणि आकडा सांभाळायचं काम त्यांनी बाहेरच्या कंपनीला दिलेलं. आकडा ते अधूनमधून बदलायचे. सर म्हणाले, तो आकडा आपल्याकडे कायमचा लिहून ठेवा. नाना म्हणाला, "दुसऱ्याच्या लेकराचं बारसं आपण करायचं नाही. त्यांनी आकडा बदलला आणि आपल्याला कळलं नाही तर?"

त्या दिवशी शिरपूरच्या रस्त्याचं काम चालू होतं आणि सकाळीच खोदणाऱ्या यंत्रानं वायर तोडली. इंटरनेट गेलं, त्याच वायरीवर असलेला मोबाईलचा टॉवरही गेला. एक जण मोटरसायकलवर अँब्युलन्स आणायला निघून गेला होता. टेकडीवरच्या खांबाला आणि नानाच्या कंप्युटरला बॅटरी होती, ते दोन्ही चालू होते, म्हणून सकाळपासून जोडलेली डॉक्टरीण दिसत राहिली. वीज झपकल्यावर पडदा बंद पडला आणि परत जोडायची वेळ आली तेव्हा आकड्याची मुदत संपलेली.

मी मागच्या खोलीत पोचले तर शेठ आधीच तिथं उभा. त्याच्या दुकानात मोबाईलनं पैसे घेता येत नव्हते म्हणून भांडायला आला होता. नाना पडद्यासमोर वाकून बसलेला.

"नाना, डॉक्टरीण गेली. रमिलाचं रक्त थांबत नाही. नाव सापडत नाही म्हणतंय."

नानानं माझ्याकडे बघितलं. माझ्या लुगड्यावरचं रक्त बघितलं.

शेठ म्हणाला, "अरे मग बंद करून चालू करा ना! आमच्या दुकानात सगळं तसंच सुधारतं." आणि खरंच पुढे झाला आणि बटणाकडे हात नेला. आमच्या गावात कुठलंही यंत्र रुसलं की हाच इलाज. मिक्सर असो, पंप असो, बंद करून चालू.

नानानं त्याचा हात झटकला. एवढा आवाज त्या माणसाचा मी कधी ऐकला नव्हता. "हात लावायचा नाही! बंद केलं तर याच्या डोक्यातलं सगळं पुसलं जाईल. जुना आकडा अजून आत पडून आहे. तोही जाईल!"

"आत पडून आहे?" मी म्हटलं. "मग द्या ना तो!"

"त्याची मुदत संपलीय, अक्का."

"बाईची संपत आलीय!"

नाना पडद्याकडे वळला. "दवाखान्यानं आकडा बदलला असेल तर? दुसराच कोणी समोर येईल. सिस्टर घाबरलेली आहे. त्यानं काहीतरी सांगितलं आणि ही करत बसली तर?"

"नाना, पाटी लावून कोणी गेलेलं नाही. ती डॉक्टरीण आत्ता, या घटकेला, तिकडे तुमची वाट बघत बसलीय."

माझं बोलणं त्याच्या कानात गेलं की नाही माहीत नाही. तो स्वतःशीच काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, "शिळं म्हणून द्यायचं. शिळं आहे असं सांगून द्यायचं. मग ते खोटं नाही." आणि कंप्युटर बंद न करता त्यानं भराभर एक ओळ लिहिली. फार काही नाही, एकच ओळ.

मग तो उठला आणि माझ्यापुढे पळत उपकेंद्रापाशी गेला. आत बाई होती म्हणून दाराबाहेर पाठ करून उभा राहिला आणि ओरडला, "सिस्टर! आता नाव दाब. पण ऐक, हे जुनं उत्तर आहे. कोण येतं ते आधी बघ. तोंड ओळखीचं असेल तरच बोल. नसेल तर पडदा बंद कर."

सिस्टरनं दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग एक खुर्ची दिसली, मग डॉक्टरीण धावत येऊन खुर्चीत बसली.

"कोण आहे?" बाहेरून नानानं विचारलं.

"मॅडमच आहेत," सिस्टर म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नको," डॉक्टरीण म्हणाली. "कुठे होतो आपण? मूठ. आतून मूठ, वरून दुसऱ्या हातानं पोट दाबायचं. दोन हातांच्या मधे पिशवी घट्ट धर. सोडायचं नाही. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

सिस्टरनं धरलं. दुसरं इंजेक्शन मी फोडून दिलं आणि डॉक्टरणीनं दाखवलं तिथं सिस्टरच्या मदतनीस बाईनं टोचलं. रमिलाची सासू पोर छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. सिस्टरचे हात भरून आले, तरी तिनं सोडलं नाही. बऱ्याच वेळानं डॉक्टरीण म्हणाली, "आता बघ. कमी झालं का?"

"कमी झालं," सिस्टर म्हणाली.

नाना दाराबाहेर तसाच पाठ करून उभा होता. शेठ त्याच्या शेजारी. शेठनं दुकानातून नव्या सुती चादरींचा गठ्ठा मागवून आत दिला आणि त्याबद्दल नंतर एक अक्षर काढलं नाही. अँब्युलन्स आली. रमिलाला घातलं, सिस्टर बरोबर बसली, पोर घेऊन सासू बसली.

गाडी गेल्यावर गल्लीत लोक जमले. नानाला विचारायला लागले, वाचेल ना बाई? नाना म्हणाला, "गाडीत घातली तेव्हा बोलत होती. पुढचं मला माहीत नाही." एकानं त्याला शिवी दिली. धीर द्यायचं सोडून हे काय बोलणं, म्हणाला. मी त्या माणसाला घरी पाठवलं.

नाना त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी कंप्युटरपुढे बसून काहीतरी करत होता. मी विचारलं तर म्हणाला, नियम बदलतोय. बाहेर विचारता येत असेल तोवर ताजंच द्यायचं. बाहेरची वाट बंद असेल तर जुनं द्यायचं, पण पडद्यावर वर लाल पट्टी येईल, हे जुनं आहे, खात्री करा. ती पट्टी दाखवायला त्याला बरेच दिवस लागले, शाळेतल्या सरांनी मदत केली. दवाखान्याकडेही तो स्वतः गेला आणि आकडा बदलायच्या आधी आम्हाला सांगायचं, असं त्यांच्याशी बोलून आला.

आता तो इथं नाही. साक्रीकडच्या डोंगरातल्या गावांनी बोलावलं, तिकडे गेला. तिथंही कोणाच्या तरी थंड खोलीत असाच कंप्युटर लावून बसला असेल आणि कोणाला तरी दोन वेळा चूल पेटवायला लावत असेल. इथला कंप्युटर माझ्याच मागच्या खोलीत चालू आहे. सर येऊन बघतात. सिस्टरनंही शिकून घेतलंय, ती आता मला ऐकवते की हे बटण दाबू नका. भाडं संस्था देते. खोली मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. शेजारच्या दोन गावांनी टेकडीवरच्या खांबावरून आमच्या कंप्युटरला नावं विचारायला सुरुवात केलीय आणि तिथल्याही सिस्टर डॉक्टरणीला पडद्यावर बघतात.

त्या दिवशीची बातमी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. वायर जोडली गेली, टॉवर चालू झाला आणि सासूचा फोन माझ्या मोबाईलवर आला. नाना समोर उभा होता. सासू म्हणाली, "अक्का, बठ्ठं बरं शे." सगळं बरं होतं, रक्त चढवलं होतं. रमिला सकाळी उठून बसली आणि तिनं चहा मागितला.

रमिला जगली. तिची मुलगीही जगली.